बेटावर साथ आली तर: दवाखाना तासांत मोजा

मी उरण तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. माहेर घारापुरी बेटावरचं, जिथे एलिफंटाची लेणी आहेत. २०२० च्या मार्चमध्ये भावाकडे आले होते. कोविडच्या टाळेबंदीत लेणी बंद झाली, लाँचा थांबल्या आणि मी तिथेच राहिले. माहेरच्या गावात मला सगळे आत्या म्हणतात, त्यामुळे ताप आला की आधी आत्याला विचारायचं, ही रीत आपोआप पडली. पुढे खाडीपलीकडच्या गावांतून ओळखीपाळखीचे फोन यायला लागले: आमच्याकडे डॉक्टर नाही, साथीत काय करायचं? एकेकाला जे सांगत आले ते एकदाच लिहून ठेवते आहे. हे डॉक्टरच्या बदल्यात वाचायचं नाही, डॉक्टरपर्यंत वेळेत पोचता यावं म्हणून वाचायचं.

घारापुरी म्हणजे लांबचं बेट नव्हे. गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटर, लाँचने तासभर. एका अंगाला मुंबई दिसते, दुसऱ्या अंगाला जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, क्रेन. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं, सगळी मिळून हजार-बाराशे माणसं. समुद्राखालून केबल येऊन वीज पोचली ती २०१८ मध्ये, तोवर संध्याकाळी जनरेटरवर काही तासच दिवे. पर्यटक म्हणतात, "तुम्ही तर मुंबईतच राहता!" दुपारी बारा वाजता, भरतीला, लाँच धक्क्याला लागलेली असताना ते खरं आहे. इतर वेळी नाही.

तुमचा आकडा काढा

पहिलं काम औषधं आणण्याचं नाही, आकडा काढण्याचं आहे. "याला आता न्यायचं" असं घरात ठरल्यापासून दवाखान्यात त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागेपर्यंत किती तास जातात, तो हा आकडा. किलोमीटर सांगू नका, तास सांगा.

त्याचे तुकडे पाडून लिहा. घरापासून धक्क्यापर्यंत माणूस उचलून न्यायला किती वेळ? तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, उठवून होडी सुरू करायला किती? पाणी नसेल तर भरतीची वाट किती? पार व्हायला किती? पलीकडच्या बंदरावर गाडी यायला किती, आणि तिथून दवाखान्यात किती? आपण फक्त पाण्यावरचा वेळ धरतो. बहुतेक वेळ जमिनीवर जातो. पलीकडे रात्री रिक्षा नसते, आणि १०८ ला फोन केला तरी रुग्ण नेमका कोणत्या धक्क्यावर उतरणार हे सांगावं लागतं.

एकच आकडा काढून भागत नाही. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, पावसाळ्यातला वेगळा. आमच्या समोरच्या पाण्यातून जेएनपीटीची मोठी जहाजं जातात. रात्री लहान होडी घेऊन त्या वाटेत शिरायला जाणता तांडेल लागतो. जुलै-ऑगस्टच्या उधाणात तोही दोनदा विचार करतो आणि त्याचं बरोबर असतं.

यापुढे मी जे काही लिहिणार आहे ते या आकड्यावर बेतलेलं आहे. ज्याचा आकडा एक तासाचा आहे तो थांबून बघू शकतो. ज्याचा सहा तासांचा आहे त्याला सहा तास आधी ठरवायचं असतं, म्हणजे माणूस बऱ्यापैकी चालता-बोलता असताना. घरच्यांच्या गळी हेच उतरत नाही. "अजून तर जेवतोय, कशाला न्यायचं?" जेवतोय तोवरच न्यायचं.

पाणी कधी भरेल

कोळी-आगरी घरात हे सांगायची गरज नाही. पण हल्लीच्या पोरांना मोबाइल बघितल्याशिवाय भरती कळत नाही आणि नेट नेमकं रात्री जातं. म्हणून जुना हिशेब लिहिते. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. दिवसाही तेच, रात्रीही साधारण तेच. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणएक तासाचा फरक धरून चाला.

आता हे दुखण्याला लावा. अष्टमीला दुपारी बाराला आणि मध्यरात्रीला पाणी सुकलेलं असणार. त्या दिवशी संध्याकाळी रुग्ण डळमळीत दिसला तर सातच्या आत निघायचं, दहा वाजता नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, तेव्हा जरा सोपं जातं. पलीकडच्या बंदराचाही विचार करा. उरणच्या मोरा बंदरात (हे बेटावरचं मोराबंदर नव्हे) गाळामुळे मोठ्या ओहोटीला लाँच लागत नाही, हे भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या उरणच्या प्रत्येक माणसाने भोगलं आहे. आपलं बंदर भरलेलं आणि समोरचं सुकलेलं, असं झालं तर रुग्ण मध्येच पाण्यावर लटकतो.

आरोग्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मी महिन्याच्या तिथी आणि भरतीच्या वेळा लिहून ठेवत असे. रोज रात्री एकच प्रश्न: आज रात्री काही झालं तर पाणी कधी मिळेल? उत्तर "पहाटे चार" असेल, तर ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचा निर्णय रात्री आठलाच घ्यायचा.

ऑक्सिमीटर आणि वही

साथ श्वासाची असेल तर बेटावरचं सगळ्यात कामाचं यंत्र म्हणजे बोटाला लावायचा, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर. प्रत्येक वाडीत दोन ठेवा आणि बॅटरीचे जादा सेल ठेवा. वापरताना बोट गरम असू द्या. नेलपॉलिश, मेंदी किंवा मासळीचा ओलावा नको. हात छातीच्या पातळीला टेकवा आणि आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावरच लिहा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा दोन-तीनने जास्त दाखवतं. आपल्यातले बहुतेक सावळेच, तेव्हा काठावरचा आकडा चांगला समजू नका.

निरोगी माणसाचं ९५ ते १००. सरकारी सूचना ९४ च्या खाली गेल्यावर डॉक्टरला गाठा म्हणायच्या. रस्त्यावरच्या गावाला ते ठीक आहे. पाण्यापलीकडच्याने ९४ ची वाट बघू नये. त्याच्यासाठी सहा मिनिटांची चाल आहे. बसल्या बसल्या आकडा लिहायचा, सपाटीवर सहा मिनिटं सावकाश चालायचं, परत लावायचं. आकडा तीनने किंवा जास्त खाली आला, ९३ च्या खाली गेला किंवा धाप लागली, तर पुढच्या भरतीला निघायचं. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं चालावं. बसल्या जागी ज्याला दम आहे त्याला चालवूच नये. पायऱ्यांवर ही परीक्षा घेऊ नका. घारापुरीत सपाट जागा शोधावी लागते. धक्क्यावर पर्यटकांच्या मिनी ट्रेनच्या रुळांशेजारची वाट आम्हाला चांगली सापडली. तेव्हा ती पूर्ण रिकामीच होती.

या यंत्राची गरज एवढ्यासाठी की कोविडमध्ये माणसाचं सांगणं खोटं पडतं. शेजारचा एक दादला खाटेवर बसून मला म्हणत होता, "आत्ये, बरा हाय मी, दम नाय लागत मना." बोटाला लावलं तर ८८. चेहऱ्यावर काही नाही, बोलणं नीट, ऑक्सिजन मात्र उतरलेला. त्याच्या बायकोला यंत्र दाखवलं तेव्हा कुठे होडी निघाली.

वहीत रोज दोनदा लिहायचं: ताप, ऑक्सिजन, मिनिटाला श्वास किती, लघवी होते का. सगळ्यात वर पहिलं लक्षण दिसल्याची तारीख. कोविडमध्ये घात होतो तो साधारण पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून वही मिटणारे खूप पाहिले.

न्यायचं ठरलं, पण पाणी नाही

मधले तास कसे काढायचे हे आधी शिकून ठेवा. ऑक्सिजन असेल तर उत्तमच, नसेल तर पालथं झोपवणं.

पालथं झोपवताना एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडग्यांखाली. उशा नसतील तर घोंगड्या-गोधड्यांच्या वळकट्या करा. अर्धा ते दोन तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग तक्क्याला टेकून बसतं, मग डाव्या कुशीवर आणि परत पालथं. जेवल्यावर तासभर नाही. गरोदर बाईला नाही, हृदयाचा मोठा आजार किंवा मणक्याची दुखापत असलेल्याला नाही. आकडा दोन-चारने वर चढलेला दिसतो. तो चढला म्हणून होडी रद्द करू नका, तुम्ही फक्त वेळ मिळवला आहे.

ऑक्सिजनचा हिशेब प्रत्येक गावातल्या निदान दोघांना तोंडपाठ हवा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर मावतो. मिनिटाला २ लिटर सोडला तर साडेबारा तास, ५ लिटर सोडला तर फक्त पाच तास. त्यातला पाव हिस्सा नाहीच असं समजायचं. आता तुमचा आकडा आठवा. ५ लिटरवर असलेला रुग्ण आणि सहा तासांचा रस्ता, म्हणजे एक सिलिंडर पुरत नाही, दोन लागतात. हे वहीत आधीच लिहिलेलं असेल तर ऐन वेळी रडारड होत नाही.

कॉन्सन्ट्रेटर गावात असला तर चांगलं, तो हवेतूनच ऑक्सिजन काढतो, भरून आणावा लागत नाही. पण त्याला वीज लागते आणि तो होडीत चालत नाही. वादळात केबलची वीज गेली तर हे यंत्र म्हणजे नुसतं चाकाचं कपाट. म्हणून कॉन्सन्ट्रेटर असला तरी शेजारी भरलेला सिलिंडर हवाच, आणि गावातला जुना जनरेटर विकून टाकू नका.

सिलिंडर होडीत नेताना एक गोष्ट जिवावरची आहे. ऑक्सिजनच्या नळाला तेल, ग्रीस, डिझेल लागू द्यायचं नाही. भडका उडतो. खलाशाचे हात तेलकट असतातच, तेव्हा नळ फिरवायचं काम घरच्या माणसाने साबणाने हात धुऊन करायचं. सिलिंडर आडवा ठेवून दोरीने बांधा, इंजिनापासून लांब. बिडी कोणीही ओढायची नाही, तांडेलानेसुद्धा. त्याला हे सांगायला मला सगळ्यात जास्त हिंमत लागली.

होडीत कोण, कुठे

बंद केबिनची लाँच नको, उघडी होडी बरी. रुग्ण, एक नातेवाईक, तांडेल आणि एक खलाशी. निरोप द्यायला आलेली भावकी धक्क्यावरच थांबेल. रुग्णाला कुठे बसवायचं ते तांडेलाला विचारून ठरवा: होडी चालू असताना वारा रुग्णावरून समुद्रात जावा, तांडेलाच्या तोंडावर जाऊ नये. सगळ्यांना मास्क, रुग्णालाही, मात्र त्याला ऑक्सिजन लावलेला असेल तर नळीवरून सैलसर. पावसात ताडपत्री वरून धरा, चारी बाजूंनी गुंडाळू नका.

तांडेल आजारी पडला तर गाव अडकलं, म्हणून त्याला सगळ्यात आधी जपायचं. लस आली की पहिल्या नावांत त्याचं नाव हवं. दोन तांडेल ठरवा, एक रुग्ण नेणारा, एक रेशन आणणारा, आणि त्या दोघांना एकत्र बसू देऊ नका. डिझेलचे पैसे गावाने आधी गोळा करून ठेवायचे. मध्यरात्री ज्याच्या दारात माणूस तळमळतो आहे त्याच्याशी भाडं ठरवायला लागणं दोघांनाही लाज आणतं.

धक्क्यापर्यंत कसं न्यायचं? आमच्याकडे पर्यटकांना लेण्यांच्या पायऱ्या चढवणाऱ्या डोल्या आहेत, खुर्चीला दोन बाजूंनी बांबू. तुमच्याकडे नसेल तर प्लास्टिकच्या खुर्चीला दोन वासे पक्के बांधा. दम लागलेल्या माणसाला झोळीत आडवं करू नये, त्याला बसतंच न्यायचं. चार उचलणारे आणि चार बदली.

गाव बंद करायचं का

करायचं, पण कशासाठी ते समजून. ७ नोव्हेंबर १९१८ ला ‘टालुने’ नावाचं जहाज ऑकलंडहून पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवरच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रोगी होते, तरी माणसं उतरू दिली. तिथली पाचातली एकापेक्षा जास्त माणसं काही आठवड्यांत गेली. शेजारीच अमेरिकन सामोआ. तिथला गव्हर्नर जॉन पॉयर याने येणारी जहाजं अडवली, आणि तिथे त्या साथीने एकही मेला नाही. बेटाचं पाणी दुधारी आहे. दवाखाना लांब ठेवतं, तसा रोगही लांब ठेवू शकतं.

पण कायमचा नाही. लक्षद्वीपने कोचीतच लोकांना आठवडाभर वेगळं ठेवून, तपासूनच जहाजात चढवलं, आणि २०२० चं अख्खं वर्ष तिथे एकही कोविडचा रोगी नव्हता. वर्षअखेरीला नियम सैल झाले. जानेवारी २०२१ मध्ये पहिला रोगी सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत हजारोंना लागण झाली. बंदी निरुपयोगी होती असा याचा अर्थ काढणारे चुकतात. त्या वर्षभरात ऑक्सिमीटर, सिलिंडर, शिकलेले हात आणि तांडेलांच्या पाळ्या तयार करायच्या असतात. आयता मिळालेला वेळ पत्ते कुटण्यात घालवला तर बंदी उठल्यावर पहिल्या दिवसासारखीच अवस्था.

मुंबईहून परत येणारी पोरं ही गावाची अवघड जागा. नोकरी गेली, खोलीचं भाडं देता येत नाही, तर ती घरीच येणार. त्यांना शाळेत वेगळं ठेवा, पण पंखा, दोन वेळचं गरम जेवण, मोबाइल चार्जिंगची सोय आणि वेगळा संडास देऊन. आई लांब उभी राहून बोलली तरी चालेल, पण तिला येऊ द्या. अपमान केलात तर पुढचा पोरगा धक्क्यावर येणारच नाही, रात्री कुठल्यातरी खाजणात उतरून तिवरांतून घरी जाईल. मग तुम्हाला कळणारही नाही.

सामानाचं एवढं डोकं खाऊ नका. पिशव्या धुवत बसण्यात आम्ही सुरुवातीला फार साबण घालवला. सामान धक्क्यावर उतरवायचं, होडी मागे सरकली की उचलायचं, हात धुवायचे, झालं. रोग माणसांच्या श्वासातून येतो, बटाट्यातून नाही. घरात कोणी आजारी असेल तर त्याला ओटीवर किंवा खिडकीपाशी झोपवा आणि दार उघडं ठेवा.

साथीतली बाकीची दुखणी

साथ आली म्हणून रक्तदाब सुट्टीवर जात नाही. बंद पडलेल्या लाँचमुळे संपलेली बीपीची गोळी हे बेटावरचं मोठं संकट, पण ते कोणाला दिसत नाही. वाडीतल्या प्रत्येक घराची यादी करा: कोणाला बीपी, कोणाला साखर, कोणाला फिट, कोणाला दमा, गोळीचं नाव काय, किती दिवसांच्या उरल्यात. दोन-तीन महिन्यांचा साठा डॉक्टरच्या चिठ्ठीने एकदम आणा. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो एकाच्या फोनमध्ये ठेवा आणि पलीकडच्या एका औषधवाल्याशी बोलून ठेवा, म्हणजे रेशनच्या होडीने पुडी येते. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी फ्रिज नसेल किंवा वीज नसेल तर कोऱ्या मातीच्या माठात, ओल्या वाळूवर ठेवलेल्या कोरड्या डब्यात कुपी ठेवा, सावलीत आणि वाऱ्यावर. बर्फात घालू नका, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं.

गरोदर बाईचं सोपं आहे, फक्त घरच्यांना पटत नाही. सदतिसावा आठवडा लागायच्या आत तिने पलीकडे राहायला जायचं, नातेवाइकाकडे, दवाखान्याच्या जवळ. आधीचं सीझर असेल, रक्त कमी असेल, पायावर सूज असेल तर त्याच्याही आधी. बेटावर कळा सुरू होण्याची वाट बघणं म्हणजे समुद्रावर पैज लावणं. साथीच्या भीतीने सासवा "दवाखान्यात नको" म्हणतात. त्यांना सांगा, कोविडसाठी वेगळा वॉर्ड असतो, पण रक्तस्राव झाला तर होडीत रक्ताची बाटली नसते.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-बांगडी काढा, तो हात किंवा पाय हलणार नाही असा फळीला सैलसर बांधून ठेवा, आणि थेट होडी. इथे ऑक्सिमीटर बघत बसायचं नाही. साप मारून बरोबर आणायची गरज नाही. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी पार व्हा. पर्यटक नसले की माकडांचं आयतं खाणं जातं आणि ती घरात शिरतात, त्यामुळे हे विसरू नका.

घरच्या पेटीत काय असावं? पॅरासिटामॉल, ओआरएस, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, जखमेचं सामान. मोठ्या माणसाला ६५० ची पॅरासिटामॉल सहा-सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यापलीकडे पेटी भरू नका. मोबाइलवर फिरणाऱ्या औषधांच्या याद्यांत डेक्सामेथासोन असतंच. ते स्टेरॉइड आहे. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत त्याने जीव वाचवले, ते ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. पहिल्याच दिवशी तापाला ते घेणारा आपली साखर चढवून ठेवतो, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, त्या काळ्या बुरशीने, कोणाचे डोळे आणि जबडे खाल्ले ते आठवा: बहुतेक मधुमेही आणि त्यातले कितीतरी स्टेरॉइड घेतलेले. ही गोळी आमच्या वाडीत कोणीतरी पाकीटभर आणली होती. मी ती मागून घेतली आणि पेटीला कुलूप लावलं.

फोनवरचा डॉक्टर

ई-संजीवनी या सरकारी सेवेची ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. मोबाइलवर डॉक्टर दिसतो, चिठ्ठी मिळते, पैसे नाहीत. पण नेटवर्क कुठे येतं ते आधी शोधा. बेटावर ते घरात येत नाही, टेकाडावर किंवा धक्क्याच्या टोकाला येतं, आणि दमलेल्या माणसाला तिथे चढवायचं नसतं. म्हणून एक तरुण वही घेऊन वर जाणार, दुसरा रुग्णाजवळ बसणार.

डॉक्टरला गोष्ट सांगू नका. तिकडे रांग आहे. वहीतून असं वाचा: "पुरुष, ५८, साखरेच्या गोळ्या चालू. लक्षणांचा आज सातवा दिवस. ताप १०१. ऑक्सिजन बसून ९५, चालल्यावर ९१. श्वास मिनिटाला २६. आम्ही बेटावर आहोत, दवाखान्यात पोचायला पाच तास, भरती रात्री नऊला." शेवटचं वाक्य विसरू नका. शहरातल्या डॉक्टरला बेट म्हणजे काय ते कळत नाही. तो "त्रास वाढला तर या" म्हणणार. पाच तास ऐकले की तो "आत्ताच निघा" म्हणतो.

दवाखान्यात जागा आहे का ते निघण्याआधी विचारा. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका ठिकाणी खाट नाही म्हणून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, अशा वणवणीत अनेकांचा जीव गेला. उरणला जागा नाही म्हणाले तर मुंबईच्या अंगाला उतरायचं का, हे पाण्यात शिरायच्या आधी ठरवा. तांडेलालाही तसं सांगा, कारण मध्येच दिशा बदलली तर डिझेल कमी पडतं.

लस आली तेव्हा

कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही, आणि उघडली की चार तासांत संपवायची. शहरात दहावा माणूस रांगेत उभाच असतो. बेटावर आठ माणसं आली तर दोन डोस ओतून द्यावे लागतात, किंवा नर्स कुपी उघडतच नाही आणि आठ जण परत जातात. म्हणून आदल्या रात्री दाराशी जाऊन नावं पक्की करायची, दहाच्या पटीत, आणि प्रत्येक दहामागे तीन राखीव. राखीव म्हणजे हाकेच्या अंतरावर असलेले, पलीकडे कामाला गेलेले नव्हेत.

वेळ भरतीची धरा. लसीचा डबा आणि नर्स एकाच भरतीला येऊन पुढच्या भरतीला जातील अशी. डबा उन्हात ठेवलेल्या होडीच्या फळीवर नको, खाली सावलीत. आइसपॅक फ्रीजरमधून काढल्याबरोबर डब्यात घालू नका, हलवल्यावर आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं की घाला, नाहीतर लस गोठते. तीन गावं असतील तर एकाच गावात सगळ्यांना बोलावू नका. ज्यांना चालवत नाही त्याच म्हाताऱ्यांना लसीची खरी गरज असते आणि नेमके तेच डोंगर ओलांडून येत नाहीत. नर्सला होडीने वाडीवाडीला फिरवा.

नर्सच्या जेवणाचं आधी बघा. उपाशी परत गेलेली नर्स दुसऱ्या डोसला दुसऱ्या कोणाला तरी पाठवते. मी नोकरीत असताना मीही तेच करत असे.

साथ ओसरली की सिलिंडर भरून घ्या, ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर खाऱ्या हवेने आत गंजतात. पेटीतल्या औषधांच्या तारखा मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी बघा. तांडेलांचे नंबर आणि तुमचा आकडा वहीत पुन्हा लिहा, कारण दर वर्षी कुठलं ना कुठलं बंदर आणखी थोडं गाळाने भरतं.